उत्साह : दहापैकी दोन

टाळ्या वाजवून फाटक्या चादरी सांधल्या जात असत्या, तर त्या हॉस्पिटलात शिवणखोलीची गरजच उरली नसती. पण हे टाळीसाहेबांना सांगणार कोण?

टाळीसाहेब म्हणजे नवे प्रशासन अधिकारी. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना हे नाव चिकटलं आणि मग काही केल्या निघालं नाही. रोज सकाळी आठ वाजता ते तळमजल्यावरच्या लांबलचक बोळात धोबीखाना, स्वयंपाकघर, सफाई आणि शिवणखोली अशा सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि ओरडायचे, "कसे आहोत आपण?" त्यावर सगळ्यांनी "उत्साही!" असं ओरडून दहा टाळ्या वाजवायच्या. टाळ्या मिळमिळीत वाटल्या की पुन्हा दहा. चांगली पन्नाशी ओलांडलेली माणसं, कुणाचे गुडघे धरलेत, कुणाची पाठ गेलीय, आणि उभी आहेत आपली बालवाडीतल्या पोरांसारखी टाळ्या पिटत! शिवणखोलीतल्या आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. पण तीही वाजवायची. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कुठं मान तुकवावी आणि कुठं नाही हे कळतं, अशी तिची समजूत होती. ती समजूत किती पोकळ होती, ते पुढं दिसलंच.

आत्या शिवणखोलीची मुकादम. सगळं हॉस्पिटल तिला आत्या म्हणायचं, कारण तिची सख्खी भाची तिच्याच हाताखाली होती, आणि ती पोर दिवसभरात तोंड उघडायची ते एवढंच म्हणायला, "आत्या, हे बघ." शिपायांनी ते उचललं, मग नर्सबायांनी, मग डॉक्टरांनीसुद्धा.

भाचीला म्हणायचे मुंगी. बारीक चण, खाली मान, आणि हात कधी रिकामा नाही. शाळेत असताना तिच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा यायचा : 'उत्साह कमी.' पाचवीत तोच, आठवीत तोच, दहावीत तोच. वडील त्याच शाळेत भाषा शिकवायचे, त्यामुळं तो शेरा घरी पोचण्याआधी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या चहाबरोबर चघळून झालेला असायचा. पुढं पोरीनं तीन नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. दुकानात गिऱ्हाइकाशी गोड गोड बोलणं जमेना, ऑफिसात फोनवर हसणं जमेना. चार वर्षांपूर्वी आत्यानं तिला तात्पुरत्या जागेवर शिवणखोलीत आणलं, आणि तिथं ती अशी रुजली की बघत राहावं.

शिवणखोलीत एक काचेचं टेबल होतं. वर दुधी काच, खाली ट्यूबलाइट. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या अंगावर अंथरतात ती हिरवी फडकी धुऊन आली की एकेक या काचेवर पसरायचं. जिथं भोक असेल तिथं उजेडाचा ठिपका दिसतो. या फडक्यांना मधे कुठं सुई लावायची नाही, कारण सुईचंच आणखी एक भोक पडतं. गरम इस्त्रीनं चिकटणारं ठिगळ लावायचं. चादरी, गाऊन आणि अभ्रे मात्र मशीनवर. आणि जिनं जे काम केलं, तिनं त्या कापडाच्या कडेच्या दुमडीत आपल्या रंगाचे तीन टाके घालायचे. आत्याचा रंग निळा, मुंगीचा पिवळा. तिसरी बाई होती तिचा लाल. वॉर्डात जाऊन काम उसवलं की कापड परत यायचं, रंग बघून त्याच बाईच्या पुढ्यात पडायचं आणि परतीच्या वहीत तिच्या रंगाखाली एक रेघ ओढली जायची. आरडाओरडा नाही, बोलणी नाहीत. ही रीत आत्याच्या आधीच्या मुकादमीणबाईंनी घालून दिलेली, आणि आत्यानं ती देव्हाऱ्यासारखी जपलेली.

ही तिसरी बाई म्हणजे रेडिओ. सकाळी खोलीत पाऊल टाकलं की सुरू, ते संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत. मनानं सरळ, पण हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. दीड वर्षात तिच्या लाल रंगाखाली एकोणीस रेघा पडल्या होत्या. मुंगीच्या पिवळ्याखाली चार वर्षांत दोन. सकाळच्या टाळ्या मात्र रेडिओ अशा वाजवायची की बोळातली कबुतरं उडावीत.

एकदा काय झालं, मुंगीनं चाळीस फडकी अडवून ठेवली. धोबीखान्यात नवीन मशीन आलं होतं आणि त्यानं फडक्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडली होती. साध्या नजरेला काही दिसत नव्हतं. शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोनवर फोन. शेवटी टाळीसाहेब स्वतः आले आणि म्हणाले, "अहो, एवढ्या तेवढ्यानं काय होतंय? पाठवा!" मुंगी उठली, तिनं एक फडकं काचेवर पसरलं आणि दिव्याचं बटण दाबलं. चांदण्या पडल्यासारखं दिसलं ते. "यातून जंतू जातात," ती म्हणाली आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. शस्त्रक्रिया पाऊण तास उशिरा सुरू झाली. साहेबांनी जाताना दारातून तिच्याकडं जे बघितलं, ते आत्यानं पाहिलं होतं.

आणि मग आले ते फॉर्म.

शिवणखोलीत एक कायम जागा निघाली होती. तात्पुरत्या माणसाला चार वर्षं झाली की त्याला एकतर कायम करायचं, नाहीतर घरी पाठवायचं, असा नियम होता. म्हणजे मुंगीचं आता इकडं नाहीतर तिकडं. मुकादमानं आपल्या हाताखालच्या माणसांना गुण द्यायचे, हीही जुनीच पद्धत. हजेरी, स्वच्छता, काम. या वर्षी खाली एक नवा रकाना वाढला होता : उत्साह, दहापैकी.

टाळीसाहेबांनी सगळ्या मुकादमांना बोलावून बजावलं, "सगळ्यांना दहा दहा वाटून मोकळे होऊ नका. कुणीतरी खाली असायलाच हवं, नाहीतर फॉर्म परत पाठवीन."

आत्या फॉर्म घेऊन बसली. 'काम' या रकान्यात तिनं मुंगीला नऊ दिले आणि रेडिओला सहा. तिथं तिचा हात अडखळला नाही. पण लिहून झाल्यावर तिनं ते आकडे पुन्हा वाचले. धोबीखान्यातले लोक काय म्हणतील? स्वयंपाकघरातल्या बाया काय म्हणतील? म्हणतील, घरचीच ती, आपल्या पोळीवर तूप ओढून घेतलं. बावीस वर्षांत आत्याच्या नावाला कुणी बोट लावलं नव्हतं. मग तिची नजर खालच्या रकान्यावर गेली. उत्साह! हे असलं काय ते, बोळातल्या फळ्यावर लावायला असेल. टाळ्यांचे गुण! त्याला कोण विचारतंय? तिनं रेडिओला आठ दिले आणि मुंगीला दोन. झाली फिट्टंफाट. आता कुणाची बोलायची टाप नाही, असं म्हणून तिनं खाली ठसठशीत सही ठोकली.

महिनाअखेरीला बोळात आदेश लागला. उत्साहाच्या गुणांना तिप्पट वजन धरलं होतं. कायम जागा रेडिओला. मुंगीची सेवा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला समाप्त. खाली सगळ्यांच्या फॉर्मच्या प्रती टाचणीनं लावलेल्या, सह्यांसकट.

मुंगी फळ्यासमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. मग ती खोलीत आली, काचेचा दिवा लावला, त्या दिवशीची सगळी फडकी संपवली, प्रत्येकाला पिवळे टाके घातले आणि आत्याकडं न बघता घरी गेली.

घर एकच होतं. आत्या भावाच्या घरात वरच्या खोलीत राहायची, जेवण खाली सगळ्यांबरोबर. त्या संध्याकाळी ती जिना उतरून आली तेव्हा दादा, वहिनी आणि मुंगी तिघंही टेबलाशी बसलेले, आणि कुणाच्याच ताटातलं काही हललेलं नव्हतं.

"अगं, मला काय माहीत ते गुण धरणार, तेही तिप्पट," आत्यानं उभ्याउभ्याच सुरुवात केली. "तो मेला साहेब..."

"साहेबानं नाही लिहिलं," मुंगी म्हणाली. "तू लिहिलंस."

"बाळा, लोक म्हणाले असते..."

"शाळेत लिहायचे ते लोक मला ओळखत नव्हते. तू तर माझ्या शेजारी बसतेस ना, आत्या? चार वर्षं? हाताला हात लागतो आपला. तरी तू दोन लिहिलेस?" तिचा आवाज चढला. त्या घरात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलाच नव्हता. "मला काढलं त्याचं नाही एवढं वाटत. तुला मी काय करते ते दिसत होतं, आणि तू ते लोकांच्या तोंडासाठी पुसलंस!"

वहिनीनं ताट पुढं सरकवलं. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही, वन्सं. भीती तुम्हाला, आणि भोगायचं माझ्या पोरीनं."

आत्यानं बसायला ओढलेली खुर्ची पुन्हा आत सरकवली.

दादा इतका वेळ खाली मान घालून बसला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्याची मास्तरकी गेली नव्हती. घरात भांडण पेटलं की हा शब्दाच्या आडोशाला जाऊन बसायचा. तो चष्मा पुसत म्हणाला, "मुळात तो शब्दच त्या लोकांना कळलेला नाही. उत्साह. उद् आणि सह. उद् म्हणजे वर. सह म्हणजे सोसणं, टिकून राहणं, पुरून उरणं. आपण सहन करतो म्हणतो ना, त्यातलाच तो सह. जो सोसूनही खाली बसत नाही, वर उठतो, त्याच्या अंगी उत्साह. जुन्या लोकांनी वीररसाचा पाया म्हणून उत्साह सांगितलाय. आरडाओरडा नव्हे, टाळ्या नव्हेत. या लोकांनी त्याचा वाढदिवसाचा फुगा करून टाकला."

"हो का?" वहिनी म्हणाली. "मग दहा वर्षं पोरीच्या प्रगतिपुस्तकावर मुकाट सही करत होतात, तेव्हा हे त्या शहाण्यांना का नाही सांगितलंत? तेव्हा कुठं गेला होता तुमचा वीररस?"

दादा चष्मा पुसायचा थांबला. मुंगी उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आत्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आणि जसजसं ती विचार करत गेली तसतसा तिचा राग टाळीसाहेबावर गेला, कारण स्वतःवरचा राग धरून ठेवायला फार जड असतो. कोण हा माणूस? ज्यानं आयुष्यात एक बटण लावलं नसेल, त्यानं कुणाच्या आत किती आग आहे ते मोजायचं? आणि तेही टाळ्यांवरून? उद्या दाखवते त्याला, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता "कसे आहोत आपण?" झालं आणि सगळे "उत्साही!" म्हणायच्या आत आत्या रांगेतून दोन पावलं पुढं आली.

"साहेब, थांबा. तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का? उत्साह म्हणजे टाळ्या नाहीत. उत्साह म्हणजे सोसून, टिकून वर उठणं. धोबीखान्यातले हे दोघं वाफेत आठ तास उभे असतात, त्यांच्या पायाच्या शिरा बघा सुजलेल्या. रोज परत येतात, तो उत्साह! जी पोर तुमची बोलणी खाऊन चाळीस फडकी अडवते, कारण कुणा अनोळखी माणसाच्या जखमेत घाण जाऊ नये, तो उत्साह! तिला तुम्ही घरी पाठवताय. लाज वाटायला पाहिजे आपल्याला सगळ्यांना!"

धोबीखान्यातल्या त्या दोघांपैकी थोरल्यानं घसा खाकरला. आत्या मनात म्हणाली, बरं झालं, एकदाचं बोलले.

आणि टाळीसाहेबांनी काय करावं? त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानं, हात डोक्याच्या वर धरून. "वा! आत्या, वा! हा बघा, याला म्हणतात उत्साह! काय अर्थ सांगितलाय! सोसणं! आत्यांना दहापैकी दहा! वाजवा सगळे!"

सगळ्यांनी वाजवल्या. आत्या मध्यभागी उभी, चेहरा लालबुंद, आणि चारी बाजूंनी टाळ्यांचा पाऊस. भर चौकात कुणी थोबाडीत मारली असती तरी तिला एवढी शरम वाटली नसती.

चार दिवसांनी बोळाच्या भिंतीवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत रंगवून झालं : 'उत्साह म्हणजे सोसणे.' वर उठण्याचं कुठंच नव्हतं. आणि भिंतीला लागून एक नोटीस : जेवणाची सुट्टी तीस मिनिटांऐवजी वीस मिनिटं, सर्वांनी उत्साहाने सहकार्य करावे. धोबीखान्यातला थोरला आत्याला म्हणाला, "आत्या, तुम्ही आमच्या बाजूनं बोललात, उपकार झाले. पण पुन्हा नका बोलू. दहा मिनिटं गेली आमची." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

आत्यानं साहेबांना जिन्यात गाठलं. "भिंत रंगवलीत ते राहू द्या. भाचीचं काय?"

"आत्या," साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, "मी तुमच्याच मताचा मान ठेवलाय. फॉर्म तुमचा, आकडा तुमचा, सही तुमची. मी कोण बदलणारा?"

आणि ते जिना चढून गेले. आत्या कठड्याला धरून उभी राहिली. मेल्यानं खरं तेच सांगितलं होतं.

घरी दादाला भिंतीचं कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, आनंद चमकला. "भिंतीवर लिहिलंय? मोठ्या अक्षरांत?" मग आतून मुंगीच्या खोलीचं दार वाजलं आणि त्यानं पुन्हा चष्मा पुसायला घेतला. आत्याला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचा हक्क तिला तरी कुठं उरला होता? एक भाऊ शब्दाच्या अर्थात लपला होता, एक बहीण लोकांच्या तोंडाआड. पोर मात्र उघड्यावर.

दहा तारखेला सकाळी टाळ्या झाल्यावर आत्या शिवणखोलीत गेलीच नाही. ती सरळ हेडक्लार्ककडं गेली. हेडक्लार्क म्हणजे नियमांचं चालतं कपाट. नोकरीला आत्याच्याही आधी लागलेले.

"मला सांगा," आत्यानं विचारलं, "मूल्यमापन करणाऱ्यानंच जर सांगितलं की मी लिहिलेले गुण खोटे आहेत, तर काय होतं?"

हेडक्लार्कनी पेन खाली ठेवलं. "तर तो फॉर्म रद्द होतो. त्यावर काढलेला आदेशही थांबतो. समिती बसते, दुसरे पुरावे बघते. आणि खोटं लिहिणाऱ्याची चौकशी होते. आत्या, तुम्हाला निवृत्त व्हायला वर्ष राहिलंय. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"कागद द्या."

त्यांनी दिला. आत्यानं उभ्यानंच लिहिलं. अक्षर तिचं गिचमिडं, पण त्या दिवशी एकेक अक्षर टाक्यासारखं टाकत गेली. 'मी माझ्या भाचीला उत्साहाचे दोन गुण दिले. ते तिच्या उत्साहाचे नाहीत. लोक नावं ठेवतील म्हणून मी ते मुद्दाम कमी दिले. मी खोटं लिहिलं. ते दोन गुण माझ्या भित्रेपणाचे आहेत.' खाली सही.

हेडक्लार्कनी ते दोनदा वाचलं. "भित्रेपणा हा शब्द काढला तरी चालेल," ते हळूच म्हणाले.

"नाही चालणार," आत्या म्हणाली.

समिती तेरा तारखेला बसली. टाळीसाहेब, मेट्रनबाई आणि एक सर्जन, ज्यांना सारखं घड्याळात बघायची सवय होती. टिपून घ्यायला हेडक्लार्क. आत्या, मुंगी आणि रेडिओ समोरच्या बाकावर. मुंगी दोघींच्या मधे न बसता टोकाला बसली होती. घरी ती दोन आठवडे आत्याशी एक शब्द बोलली नव्हती.

साहेबांनी आधी रेडिओला विचारलं. त्यांना वाटलं असावं, ही तरी आपल्या बाजूनं बोलेल.

"मला जागा हवीय, खोटं कशाला बोलू?" रेडिओ म्हणाली. "घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं मी. पण साहेब, उद्या माझं पोट फाडायची वेळ आली ना, तर माझ्या अंगावर पिवळ्या टाक्याचं फडकं घाला. लाल नको." आणि ती जन्मात पहिल्यांदा एवढ्यावर थांबली.

सर्जननी घड्याळातून मान वर काढली. मेट्रनबाईंनी परतीची वही मागवली होती, ती त्यांनी सर्जनपुढं सरकवली. पिवळ्याखाली दोन रेघा. सर्जननी पानं पुढं उलटली, मागं उलटली, आणि म्हणाले, "चार वर्षांत दोनच?"

"वही जुन्या पद्धतीची आहे," टाळीसाहेब म्हणाले. "ती काम दाखवते. वृत्ती नाही दाखवत."

मग मेट्रनबाई मुंगीकडं वळल्या. बाई मऊ होत्या, त्यांना हे प्रकरण घरातल्या घरात मिटावं असं वाटत होतं. "हे बघ बाळ, चौकशीच्या कागदावर एक प्रश्न असतो, तो मला विचारावाच लागतो. तुझ्या आत्यानं चूक कबूल केलीय. मोठं मन लागतं त्याला. तुझी तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही ना?"

सगळ्यांनी 'नाही' गृहीतच धरलं. हेडक्लार्कनी तर 'ना' लिहायला पेन टेकवलंसुद्धा.

"आहे," मुंगी म्हणाली.

पेन थांबलं.

"आहे. लिहून घ्या." ती उभी राहिली. बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज जसा आधी फाटतो तसा फाटला, पण मग लागला. "हिला माझं काम दिसत होतं. न दिसणाऱ्यानं लिहिलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. हिनं दिसत असून लिहिलं. घरचं माणूस म्हणून मला कमी दिले. मी परकी असते तर हिनं मला खरे गुण दिले असते, म्हणजे मला हिची भाची असण्याची शिक्षा झाली. आणि साहेब, तुमच्याविरुद्धही आहे. माझ्या आत काय आहे ते तुम्ही मोजायचं काय कारण? शाळेपासून सगळे माझं तेच मोजतात. मी सकाळी आठ वाजता येते आणि रोग्याच्या अंगावर भोक पडलेलं फडकं जाऊ देत नाही. तुम्हाला मोजायचं तर ते मोजा. माझ्या टाळ्या मोजू नका, आणि त्या शब्दाचे अर्थही मला सांगू नका. माझ्या वडिलांनी सांगितला, आत्यानं सांगितला, तुम्ही भिंतीवर लिहिलात. या सगळ्यात मला एकानंही विचारलं नाही."

टाळीसाहेबांचे हात टेबलावर होते, ते तिथंच राहिले.

मेट्रनबाईंनी आत्याकडं बघितलं. "तुमच्याबद्दल जे म्हटलं, ते मान्य आहे?"

आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पोरीचा एकेक शब्द तिला लागला होता, आणि एकही खोटा नव्हता. "मान्य आहे," ती म्हणाली. "तिनं म्हटलंय तसंच लिहा. एक शब्द कमी करू नका."

निकाल त्याच दिवशी लागला. फॉर्म रद्द. वहीवरून मुंगीला कायम जागा. रेडिओची पुढच्या वर्षी, आत्या निवृत्त झाली की. उत्साहाचा रकाना पुढच्या बैठकीत 'फेरविचारासाठी' ठेवला, म्हणजे साहेबांनी तो पूर्ण सोडला नव्हता. आत्याच्या फाइलीत ठपका आला आणि मुकादमी गेली. आता ती मशीनवर बसेल, खुर्चीवर नाही. बावीस वर्षांचं चोख नाव एका कागदावर आलं. हेडक्लार्कनी तिला प्रत दिली तेव्हा ते तिच्याकडं बघत नव्हते.

बाहेर बोळात ती निळी अक्षरं होतीच. मुंगी त्यांच्याखालून भराभर चालत पुढं निघाली होती. आत्यानं पदराला डोळे पुसले आणि मागून हाक मारली, "अगं, जरा थांबतेस का? आज अर्धी रजा टाकू, दोघी मिळून घरी जाऊ."

मुंगी थांबली. वळून तिनं आत्याकडं सरळ बघितलं. राग गेला नव्हता. आत्याला तो स्पष्ट दिसला, आणि तो जावा असं म्हणायचं धाडस तिनं केलं नाही.

"नाही," मुंगी म्हणाली. "तीनच्या शस्त्रक्रियेची फडकी बघायची राहिलीयत. तू जा."